पाहुण्याची जागा

ठिपका सरकला होता.

तिने पुन्हा पाहिलं. पडद्यावर आधी एक जुनी प्लेट, मग पुढच्या वर्षीची, मग त्यानंतरची. आकाशाचा तोच तुकडा, तेच तारे जागच्या जागी. तो एक ठिपका मात्र दर वेळी जरासा पुढे. तारे असे चालायला लागत नाहीत. खुर्ची मागे ढकलून ती उभी राहिली आणि भर दुपारी रिकाम्या खोलीत मोठ्यांदा म्हणाली, “अगं बाई!”

वेधशाळेच्या तळघरात धूळ खात पडलेल्या काचेच्या प्लेटा संगणकात उतरवून घ्यायचं काम तिच्याकडे होतं. एके काळी आकाशाचे फोटो अशा काचांवर निघत. एका बाजूला रसायनाचा थर, त्यात ताऱ्यांचे काळे ठिपके. दुसरी बाजू नुसती काच. आजचं खोकं तिच्या बाबांच्या वेळचं होतं. बाबा इथेच नोकरीला होते आणि उभा जन्म त्यांनी एकाच गोष्टीचा ध्यास घेतला होता. लांबच्या धूमकेतूंच्या वाटा त्यांना किंचित ढळलेल्या दिसल्या होत्या. त्यांचं म्हणणं, कुठल्याच सूर्याचा नसलेला, अंधारात एकटा भटकणारा एक ग्रह आपल्याकडे येतोय. धडकणार नाही, लांबूनच वळसा घालून जाईल. बाबा त्याला ‘पाहुणा’ म्हणत.

पाहुणा काही दिसला नाही. जेवणाच्या सुट्टीत सहकारी विचारत, “काय, पाहुण्याचं ताट वाढायचं का?” निवृत्त होताना बाबांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं, तर त्यावरही कुणीतरी बोललंच, पाहुण्याची वाट बघायला बरं पडेल म्हणून. बाबा सगळ्यांबरोबर हसले. त्या दिवसापासून त्यांनी वर बघणं सोडलं, आणि लेकीला ते फार लागलं होतं.

बाबांनी गणिताने काढलेली पाहुण्याची वाट तिला पाठ होती. तिन्ही ठिपके नेमके त्या वाटेवर होते!

संचालकांकडे ती अक्षरशः धावत गेली. ते एके काळचे बाबांचेच विद्यार्थी. त्यांनी पडदा बघितला, चष्मा पुसून पुन्हा बघितला. “सरांना बोलाव,” ते म्हणाले. “मूळ प्लेटा बघून ते हो म्हणाले, की आजच सगळ्यांना कळवू.”

घरचा फोन आईने उचलला. “निघतोच गं, पण किल्ली सापडत नाहीये,” आणि मग फोनमधूनच आवाज आला, “अहो, जरा उठा बघू!” यांची हरवलेली वस्तू शोधायची तर आधी यांना उठवायचं, हा आईचा संसारातला अनुभव. चष्म्याचं घर, वर्तमानपत्र, एकदा तर लेकीच्या लग्नाची पत्रिका, सगळं बाबांच्या बुडाखाली निघालेलं. किल्लीही तिथेच निघाली.

बाबा घरातल्या चपला घालूनच आले. मागून आई, धापा टाकत. ती दाराशेजारच्या खुर्चीवर टेकली. बाबा मात्र बसायला तयार नव्हते. तिन्ही प्लेटा खालून उजेड येणाऱ्या टेबलावर मांडलेल्या होत्या. बाबांनी भिंग डोळ्याला लावलं.

त्यांनी प्लेट उचलून तिरकी धरली. मग हळूच खाली ठेवली.

“ही शाई आहे,” ते म्हणाले. “माझीच.”

पडद्यावर काचेची पुढची आणि मागची बाजू एकच दिसते. शाई कुठली आणि तारा कुठला, तिला कळलंच नव्हतं.

“गणित सुटलं त्या दिवशी मी हुरळून गेलो,” बाबा सांगू लागले. “खूण करायची तर जागेभोवती गोल काढायचा असतो. मी या तिन्ही प्लेटांच्या मागच्या बाजूला, काचेवर, थेट टिंबच दिलं, इथे असणार म्हणून. मग त्याच्या आजूबाजूचा इंच न् इंच पालथा घातला. काही नव्हतं. टिंबांचं तर विसरूनच गेलो बघ.”

संचालकांनी हातातला फोन मुकाट्याने खिशात टाकला. तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. लोकांनी बाबांचं एकदा हसं केलं होतं, आज तिने केलं.

“पूस ते,” बाबा म्हणाले. “उद्या आणखी कुणी फसायला नको.”

तिने कापूस ओला केला आणि काचेच्या बाजूने अलगद फिरवला. शाई विरघळली, कापूस निळा झाला. तिने कोरड्या फडक्याने काच लख्ख केली आणि डोळे पुसून भिंगातून पाहिलं.

ठिपका तिथेच होता.

तिने पुन्हा पुसलं. कापूस आता पांढराच राहिला. ठिपका हलेना. आधीपेक्षा बारीक, फिकट, पण आतल्या थरात रुतलेला. तिने दुसरी प्लेट ओढली, पुसली. तिथेही. तिसरीवरही! तिने भिंग बाबांच्या हातात कोंबलं. बाबा वाकले ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. त्यांचे खांदे गदगदत होते. रडताहेत की काय म्हणून ती पुढे झाली, तर ते हसत होते, लहान मुलासारखे, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असताना.

दाराशी बसलेल्या आईला काही उमगेना. “अहो, झालं काय? सापडला का तुमचा पाहुणा?”

“सापडला,” बाबा म्हणाले. “इतकी वर्षं मीच त्याच्यावर बसलो होतो.”