मलिंडाचं आंबवण

पंथ सोडून गेलेल्याच्या हातून आम्ही आमिश काही घेत नाही. आमचं पावाचं आंबवण मेलं, तेव्हा आईनेच पूर्वी दिलेल्यातलं थोडं घेऊन माझी बहीण मलिंडा शहरातून आली. तिने बरणी पुढे केली. आई म्हणाली, "टेबलावर ठेव."

मार्चमध्ये मलिंडा वारली.

आज त्याच आंबवणाचा, कांदा घातलेला पाव आई सँडविचसाठी कापत होती. प्रत्येक कापात तीच पोकळी होती: पसरलेला तळहात.

"हवा राहिली असेल," मी म्हणाले.

"हवेला अंगठा असतो होय गं, शहाणे?"

मी काप खिडकीशी धरला. आईच्या ॲप्रनवर पाच बोटांचा उजेड पडला. आईने त्या उजेडात आपला हात धरला.

"दे, मलिंडा. हातात दे."

मग तिने पुढचा काप कापला. त्यात घट्ट मिटलेली मूठ होती.