नळाचा आवाज

पाचवा ट्रॅक सुरू झाला तशी आईची कुजबुज थांबली.

तोवर ती शेजारी बसलेल्या भिंगरीला भंडावून सोडत होती. याला गाणं म्हणायचं का? शब्द कधी येणार? एवढी माणसं अंधारात गप्प का बसलीत, कोणी गेलंय का? भिंगरी तोंडावर रुमाल धरून हसत होती. काकूंना आणायचंच, हा हट्ट तिचाच.

बंद पडलेल्या छापखान्याचं तळघर. बाहेर भर दुपार, पण झरोक्यांना काळे कागद डकवलेले. तीस-पस्तीस माणसं, दोन मोठे स्पीकर, टेबलावर शंभर कॅसेटी. लेकानं आणि भिंगरीनं मिळून केलेला पहिला अल्बम आज बाहेर पडत होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, भिंगरी दातांच्या कवळ्या बनवायची. तीन वर्षं दर सुट्टीला दोघं हे घुमणारे, काळेकुट्ट आवाज रचत बसली होती. आई म्हणायची, "मिक्सर बिघडला असेल तर टाकून दे बाबा."

पाचवा ट्रॅक मुळात त्याचा. आधी लांबलचक घरघर. मग दबका धक्का. थोडं थांबून दुसरा. काहीतरी फरशीवरून घसटत गेल्याचा आवाज. शांतता. आणि मग नळ, पूर्ण सोडलेला, बादलीत धो धो पडणारा.

त्या नळावरून दोघांचं कडाक्याचं वाजलं होतं.

"सगळे आवाज यंत्रांचे आणि मध्येच हे पाणी? काढ ते," भिंगरी म्हणाली होती.

"नळ गेला तर मीही गेलो."

"रेकॉर्ड तरी कुठे केलास?"

"केला नाही. आठवून बनवलाय."

तिनं पुढं विचारलं नाही. उलट घरघर अशी बेतानं विरत नेली, की शेवटी नळ एकटाच ऐकू यावा.

आता तो एकटाच ऐकू येत होता. आईनं भिंगरीचं मनगट घट्ट धरलं. तो समोर यंत्रांपाशी उभा होता. त्यानं मान वर केली नाही. वडील जाऊन चार वर्षं झाली होती. अख्खी गल्ली अजून त्यांना देवमाणूस म्हणायची. सगळ्यात ठासून आई.

ट्रॅक संपला. टाळ्या पडल्या. आई उठली आणि खुर्च्यांमधून वाट काढत त्याच्यापर्यंत आली.

"काकू, बरं वाटत नाहीये का?" मागून आलेल्या भिंगरीनं विचारलं.

आईचं लक्ष नव्हतं. ती त्याच्याकडे बघत होती.

"त्यांचा हात थांबला की मी नळ सोडायचे," ती म्हणाली. "माझं रडणं तुला ऐकू जाऊ नये म्हणून. मग तोंड धुऊन तुझ्या खोलीत डोकावायचे. तू गाढ झोपलेला असायचास. तेवढाच जीवाला आधार वाटायचा रे."

भिंगरी दोन पावलं मागे सरली. तिचा हात आपसूक तोंडावर गेला होता.

त्यानं पुढचा ट्रॅक लावला नाही. लोक वाट बघत राहिले.

"तू डोकावायचीस ना," तो म्हणाला, "म्हणून डोळे मिटून घ्यायचो."