अंगातलं वय

"मॅडम, तुमचं वय किती?"

शाळेच्या व्हरांड्यात सगळ्यांच्या माना वळल्या. खांबाआडच्या मैत्रिणींनी हसू दाबायला तोंडावर वह्या धरल्या. पैज त्यांचीच होती: विचारून दाखव, मग आठवडाभर आमच्या डब्यातली शेवभाजी तुझी. आणि नववीतल्या कोकिळानं पैज नाकारली, असं असोदा गावात अजून कोणी ऐकलं नव्हतं.

जळगावहून आरोग्य शिबिरासाठी आलेल्या डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. "कागदावरचं सांगू की अंगातलं?"

"वयं दोन असतात?"

"असतात. कागदावरचं गुरुजी लिहितात, अंगातलं आपण. कागदावर मी बावन्न, अंगात चव्वेचाळीस. चाललं, हातापायांना काम दिलं, तंबाखू सोडली, की हे दुसरं वय कमीही होतं." बाईंनी तिला खालीवर पाहिलं. "जीभ धीट आहे. अक्षर कसं आहे?"

"जिभेपेक्षा चांगलं!"

झालं. दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठ्यांवर नावं लिहायला कोकिळा.

घरी आईनं, वच्छलाबाईनं, ऐकताच कपाळाला हात लावला. "तुह्या नानांना नको नेऊ तिथं. थोरल्या जीवरामभाऊजींना डॉक्टरनं सांगितलं, छाती कमजोर आहे. त्या दिवशी खाटेवर पडले ते उठलेच नाहीत. आजारानं नाही गेले ते, ऐकून गेले."

पण तिचे वडील, नाना, बाहेरून ओरडले, "मला काय झालंय? मी तर जवान आहे!" गावच्या सोसायटीच्या कचेरीत दिवसभर खुर्चीवर बसणारे मोतीलालनाना चाळीस पावलांवरच्या चौकातसुद्धा लूनावर जात. त्यांना शाबासकी दिली की ते डोंगरही उचलायला निघत. 'दमलात का नाना?' एवढं विचारलं तर मात्र दोन दिवस झोपून राहत.

शिबिरात पुरुष पाचवीच्या वर्गात होते, बायका सहावीच्या. डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं, सोडलेली पट्टी पकडायची, नळीत फुंकायचं, पायऱ्या चढून नाडी मोजायची. आत चिठ्ठीवर अंगातल्या वयाचा आकडा पडायचा, बाहेर नाव.

नानांनी चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरून पाहिली. चष्मा खिशात होता. चारचौघांत तो लावायची त्यांना लाज वाटे. चिठ्ठी बायकोच्या हातात कोंबून ते फाटकाबाहेर लूनावर जाऊन बसले.

वच्छलाबाईला वाचता येत नव्हतं. दोन्ही चिठ्ठ्या तिनं कंपाउंडर झिपरूपुढे धरल्या. "वरली माही. खालची कोकीच्या नानांची."

"नाव काय त्यांचं?"

वच्छलाबाईनं पदर तोंडावर घेतला.

"अहो, चिठ्ठीवर काय लिहायचं? कोकीचे नाना?"

व्हरांडा खो खो हसला. शेजारी नावं लिहीत बसलेल्या कोकिळानं चिठ्ठ्या ओढून घेतल्या. "द्या इकडे. मला घेता येतं त्यांचं नाव."

एकीवर अठ्ठावन्न होते, एकीवर पस्तीस. तिचा पेन थांबला. तिनं आईकडे पाहिलं. फाटकाबाहेर तंबाखू मळणाऱ्या नानांकडे पाहिलं. मग ठसठशीत अक्षरात दोन्ही नावं लिहिली.

"नाना, तुम्ही पस्तीस!"

"मी काय सांगत होतो!" नानांनी लूनाचा हॉर्न वाजवला. "आणि तुही आई?"

"अठ्ठावन्न."

हॉर्न थांबला. कागदावर वच्छलाबाई चाळिशीची होती.

"तरी म्हणलं, कंबर कामून दुखते," ती हळूच म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या कंबरदुखीला कागदाचा पुरावा मिळाला होता.

"बाई सहा महिन्यांनी परत येणार आहेत," कोकिळा म्हणाली. "तोवर हा अठ्ठावन्नचा आकडा मी खाली आणणार. म्हणजे आणणारच."

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं नानांच्या हातात हंडा दिला. "आईला जड उचलायचं नाही. पस्तिशीतला माणूस घरात असताना अठ्ठावन्न वर्षांच्या बाईनं हापशावर जायचं का?"

नाना हापशावर गेले. बायका हसल्या, तेव्हा त्यांनी खिशातली चिठ्ठी काढून दाखवली आणि दोन हंडे जास्त भरले. मग लूनाच्या पेट्रोलचे पैसे आईच्या दुधाला गेले आणि नाना सोसायटीत पायी जाऊ लागले. "जवान माणसाचे दात काळे बरे दिसत नाहीत," असं कोकिळा रोज म्हणू लागली, तेव्हा चिडून एक दिवस त्यांनी तंबाखूची चंची चुलीत टाकली.

मैत्रीण म्हणाली, "बाईंनी तर काम वाढवायला सांगितलं होतं. तू आईला बसवून ठेवतेस?"

"आमच्या घरचं औषध वेगळं आहे."

संक्रांतीनंतर डॉक्टरबाई आल्या. या वेळी आकडे त्यांनी स्वतः मोठ्यानं वाचले.

"वच्छलाबाई, चौतीस!"

नानांनी टाळीच वाजवली. "चोवीस वर्षं उतरवली! ही माझ्या हंड्यांची कमाई!"

"मोतीलालभाऊ, एकोणपन्नास."

नानांचा हात हवेतच राहिला. "पस्तीसचे एकोणपन्नास? सहा महिन्यांत?" ते मटकन बाकावर बसले. "संपलं. जीवरामदादाचंही असंच झालं होतं. वच्छे, घरी खाट टाक. उद्यापासून पाणी नाही, चालणं नाही."

वच्छलाबाई रडायलाच लागली.

कोकिळा दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली. "नाना, आई, ऐका. माझं ठरलंय. मी डॉक्टर होणार."

"इथं मी चाललो, अन् तुले डॉक्टर व्हायचं सुचतंय?"

"हो. आणि डॉक्टरनं पेशंटपासून काही लपवायचं नसतं, म्हणून आजच सांगून टाकते. नाना, मागच्या वेळचे अठ्ठावन्न तुमचे होते."