ग्लास हातात असू दे

"ग्लास हातात असू दे," मेघना हळूच म्हणाली. "रिकामा हात दिसला की हर्षित विचारत बसेल."

धनेशने ग्लास धरला. तिने कल्पिताच्या गुलाबी वॉटरबॅगमधून त्यात जांभळाचा रस ओतला, वॉटरबॅग पिशवीत टाकली आणि रेड वाइनची बाटली त्याच्या गुडघ्याशी सरकवली.

टिटवाळ्याच्या पुढे धनेशचा मित्र हर्षित याच्या मामाची आंब्याची बाग होती. हर्षित आणि त्याची बायको करिश्मा विहिरीवर काकड्या धुवायला गेले होते. चार वर्षांची कल्पिता सतरंजीवर शेंगा सोलत होती.

"आई, तो माझा ज्यूस आहे."

"हो गं. बाबाला थोडा दिला. कुणाला सांगायचं नाही हं, आपलं सिक्रेट."

धनेशने ग्लास उजेडात धरला. डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगांच्या एका कारखान्याची प्रयोगशाळा तो सांभाळायचा. रंगाकडे बघण्याचाच त्याला पगार मिळायचा.

"रंगद्रव्य दोन्हीत एकाच कुळातलं," तो म्हणाला. "वास घेतल्याशिवाय मलाही सांगता येणार नाही."

"वास कोण घेतंय," मेघना म्हणाली. "कल्पूला मांडीवर घे. फोटो काढते."

दारू सोडून शहाण्णव दिवस झाले होते. तो रोज मोजायचा. पहिल्या दिवसाच्या आधीची संध्याकाळ त्याला मोजदादीत धरावी लागत नसे, ती आपोआप यायची. शीळफाट्याजवळचा बार, बाहेर बंद गाडी, मागच्या सीटवर झोपलेली कल्पिता. एकच पेग म्हणून तो आत गेला होता. पन्नास मिनिटांनी बाहेर आला तेव्हा अनोळखी लोकांनी काच फोडून मुलीला बाहेर काढलं होतं. ती घामाने भिजली होती आणि रडायचीही थांबली होती.

मेघना रिक्षाने आली आणि मुलीला घेऊन गेली. त्या प्रसंगाबद्दल तिने पुन्हा एक शब्दही काढला नाही. माहेरी सांगितलं नाही, हर्षितलाही नाही. तू पुन्हा असं केलंस तर कल्पिता तुला दिसणार नाही, एवढंच ती त्या दिवशी म्हणाली होती.

समुपदेशकाकडे जाऊया का, असं त्याने एकदा विचारलं होतं.

"नको. तिथे नाव लागतं, फाइल होते. उगाच चर्चा. कुणाला कळायचं कारण नाही. मी आहे ना."

ती होती. त्या शहाण्णव दिवसांत धनेशने एक थेंब घेतला नव्हता.

हर्षित काकड्या घेऊन आला. "काय रे, एकटाच सुरू झालास? थांबायचं तरी."

"तुझ्या काकड्या धुवून होईपर्यंत बाटली संपली असती."

"ऐकलंस, करिश्मा? वहिनी, याला आवरा जरा."

"मी काय आवरणार," मेघना म्हणाली. "माझं ऐकतो कुठे तो."

सगळे हसले. धनेश सगळ्यांत मोठ्याने हसला. मेघनाने तोही फोटो काढला.

पुढे हे अंगवळणीच पडलं. जानेवारीत चौघे मुलीला घेऊन नाशिकच्या द्राक्षबागा बघायला गेले. एप्रिलमध्ये लग्नाचा वाढदिवस घोडबंदर रोडवरच्या हॉटेलात झाला. मेघना आधीच काउंटरपाशी जाऊन सांगून आली आणि धनेशच्या पुढ्यात वाइनच्या ग्लासातून डाळिंबाचा रस आला. फोटोआधी ती दोन बोटांनी बाटली फिरवायची.

"लेबल पुढे हवं. कुठे काय प्यालो ते लक्षात राहतं."

"मी कुठे काय प्यालो?"

"तेच तर." ती हसली. "वर्ष पूर्ण होऊ दे. सगळ्या फोटोंचा अल्बम करणार आहे."

हर्षितला खरं सांगून टाकावं, असं धनेश एक-दोनदा म्हणाला. मेघनाने नकारार्थी मान हलवली. "मग का सोडलीस ते विचारेल. काय सांगशील?"

वर्ष पूर्ण झालं त्या आठवड्यात मेघना कल्पिताला घेऊन कल्याणला माहेरी गेली होती. आईचे गुडघे दुखत होते. फोनवर ती घाईत असायची, कल्पिता नेमकी झोपलेली असायची.

तीनशे सहासष्टाव्या दिवशी प्रयोगशाळेत कुरियर आलं. जाड पाकीट होतं, वर कल्याणचा पत्ता. धनेशने हातमोजे काढले, हात साबणाने धुतले, कोरडे केले.

"काय आलं, साहेब?" काचेची भांडी विसळणाऱ्या धोंडिबाने विचारलं.

"बायकोने अल्बम पाठवलाय."

"वाढदिवस हाय का?"

"तसंच समजा. आज एक वर्षाचा झालो."

धोंडिबाला काही कळलं नाही, पण तो हसला.

आत रंगीत फोटो होते, एका पानावर एक. प्रत्येकावर तारीख होती. मेघना इतकी नीटनेटकी आहे, हे त्याला नेहमीच आवडायचं. आंब्याची बाग. नाशिक. घोडबंदरचं हॉटेल. प्रत्येक फोटोत तो हसत होता, ग्लास हातात होता, बाटलीचं लेबल स्वच्छ वाचता येत होतं. गुलाबी वॉटरबॅग एकाही फोटोत नव्हती.

प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ टाइप केलेली होती. ठिकाणाचं नाव असेल म्हणून त्याने चष्मा लावला आणि बागेतला फोटो जवळ घेतला.

"मुलीच्या कायम ताब्यासाठीच्या अर्जासोबत, परिशिष्ट १: पती मुलीला मांडीवर घेऊन मद्यपान करताना. प्रत्यक्ष साक्षीदार: हर्षित आणि करिश्मा."