मालक जिन्याने येतात

चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत मालकांच्या छातीचा भाता झाला होता. पाहुणे कधीच टेबलाशी येऊन बसले होते. तीन दिवस हेच चाललं होतं. तिघा पाहुण्यांना आणि दुभाष्याचं काम करणाऱ्या आपल्या लेकीला मालक लिफ्टमध्ये बसवायचे, अदबीने दार लावायचे आणि स्वतः गुडघ्यांना शिव्या घालत जिना चढायचे. पाहुणे लिफ्टने आणि आपण पायी, यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं.

लिफ्ट त्यांच्याच कारखान्यात बनलेली. अशा साठ लिफ्ट या परदेशी कंपनीला हव्या होत्या. काम मिळालं तर दोन वर्षांची चिंता मिटणार होती. नाही मिळालं, तर पुढच्या महिन्यात अर्धे कामगार घरी बसवावे लागणार होते.

पण घोडं कुठेतरी पेंड खात होतं. पाहुण्यांच्या प्रमुख बाई रोज नवा दाखला मागत. दोराचा झाला, ब्रेकचा झाला, मोटारीचा झाला. आज त्यांनी सगळे कागद पुन्हा चाळले आणि लेकीला हळूच काहीतरी विचारलं. लेकीचा चेहरा पडला.

"आता आणखी कसला दाखला?" मालकांनी विचारलं.

"दाखला नाही, बाबा. मालक स्वतःच्या लिफ्टमध्ये का बसत नाहीत, असं विचारतायत. त्यांच्याकडे म्हणे आधी यजमान आत शिरतो, मग पाहुणे."

मालकांना आधी हसू आलं, मग राग आला. तीन दिवसांचं आदरातिथ्य चांगलंच अंगाशी आलं होतं. ते उठले, सगळ्यांना लिफ्टपाशी घेऊन गेले आणि त्यांनी आतल्या पाटीवर बोट ठेवलं. पाटीवर लिहिलं होतं : चार माणसे.

"सांग त्यांना. हे तिघं आणि तू चौथी. मी कुठे बसू?"

"बाबा, एका माणसाने काय होतंय?"

"काही होत नाही. लिफ्ट मी बनवलीय, मला माहितेय. पण पाटीही मीच लावलीय ना!"

लेकीने शब्दन् शब्द सांगितला. बाई बराच वेळ पाटीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हातातली फाईल मिटली आणि त्या दोनच वाक्यं बोलल्या.

"बाबा, आता दाखले पुरेत म्हणतायत. सह्या खाली ऑफिसात करू."

मालकांनी सवयीने दार उघडून धरलं. दोन पाहुणे आत गेले, मागोमाग लेक गेली. बाईंनी मालकांना दंडाला धरून आत घातलं, अदबीने दार लावलं आणि त्या जिना उतरू लागल्या.