डोळा सरळ ठेव

“मग पोरीचा डोळा काय मी घरी बसून तिरळा केला?” डेनिस नोविकीने टेबलावर हात आपटला.

टेबलापलीकडे ग्लेंडा होती. अमेरिकेतल्या टोलीडो शहरातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात ती आजारांना कोड लावायची. योग्य कोड लागला तर विमा कंपनी उपचाराला हो म्हणणार, नाहीतर ठेंगा. डेनिस ही पायपरची आई; सहा वर्षांच्या त्या पोरीचा उजवा डोळा मधूनच नाकाकडे वळायचा. अशा डोळ्यालाही कोड असतो. पण दोनदा तपासूनही पायपरला ‘दोष आढळला नाही’चाच कोड लागला होता, आणि कंपनीने पुन्हा हात वर केले होते.

“डॉक्टरांनी लिहिलंय, डोळा सरळ,” ग्लेंडा म्हणाली. “त्यांना तो तिरळा दिसलाच नाही, तर मी कोड कुठून लावू?”

“घरी येऊन बघा ना! ओरडून ओरडून सरळ ठेवायला लावते मी, घसा बसला माझा! शाळेत पोरं ‘नाक बघणारी’ म्हणून चिडवतात. वाचता येत नाही म्हणून बाई त्याच वर्गात ठेवणार म्हणतायत. आणि तुम्ही म्हणे दोष नाही! आग लागो तुमच्या त्या कोडला!”

आरडाओरडा ऐकून डॉक्टर फाल्क बाहेर आले. “चला, तुमच्यासमोरच पुन्हा तपासतो,” म्हणाले.

आत त्यांनी पायपरच्या नाकासमोर एक काडी धरली. काडीच्या टोकाला इवलंसं चित्र होतं. डेनिस त्यांच्या मागेच हाताची घडी घालून उभी राहिली.

“कुठला प्राणी आहे?”

पायपरने आधी आईकडे पाहिलं, मग काडीकडे. “गाय?”

“बदक आहे गं ते! लक्ष कुठाय तुझं?” डेनिस कडाडली. डोळा मात्र अगदी सरळ. “बघा! नेमकी इथे आल्यावरच हिला अवदसा आठवते!”

“तुम्ही जरा बाहेर बसा,” डॉक्टर म्हणाले.

“मी बाहेर? वा रे वा!” डेनिसने जाताना दार असं आदळलं की ते लागलंच नाही, उलट फटभर उघडं राहिलं. रागाने धुमसत ती तिथेच उभी राहिली.

“आई गेली?” आतून पायपरचा आवाज आला.

“गेली. आता नीट बघून सांग बरं.”

“बदक. टोपी घातलीय त्याने. टोपीला लाल बटण आहे.”

डेनिसने फटीतून पाहिलं. उजवा डोळा सरकत सरकत पार नाकाशी गेला होता. सवयीने तिचं तोंड उघडलं, पण तेवढ्यात डॉक्टर बोलले.

“मग मघाशी गाय का म्हणालीस?”

“नीट बघितलं की डोळा आत जातो, मग आई ओरडते. म्हणून मी सगळं धूसरच बघते,” पायपर म्हणाली. “शाळेतसुद्धा.”