बारा विषयांचा ठराव

“बारा विषय?” कॉलेजच्या प्रवेश खिडकीमागं अंजुम मॅडमनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. अर्जावर विषय बाराच राहिले.

“हो, मॅडम!” दीपालीचा आवाज आनंदानं थेट रांगेच्या शेपटापर्यंत पोचला. “अन् ठराव पण जोडला आहे.”

ठराव खरोखरच जोडला होता. कोसमटोल्याच्या ग्रामसभेचा, अडतीस सह्या, सव्वीस अंगठे आणि एक गोल शिक्का. कोसमटोल्यात बांबू कधी कापायचा इथपासून तलावात मासे कधी धरायचे इथपर्यंत सगळं ग्रामसभा ठरवते, आणि तेही एकमतानं. गावातली पहिली पोरगी आरमोरीच्या कॉलेजात निघाली होती. तिचे विषय तिच्या एकटीवर सोडण्याइतकं गाव बेजबाबदार नव्हतं.

बैठक साडेतीन तास चालली. दीपालीची चुलत वहिनी मनकर्णा ग्रामसभेचं लिहिणं पाहायची. तिनं आधी कॉलेजचं माहितीपत्रक वाचून दाखवलं. मग वारलूनं भूगोल मागितला, कारण शेजारच्या गावाशी हद्दीचा वाद होता. सुगंधाबाईला वनस्पतिशास्त्र हवं होतं. जंगूनं इंग्रजी धरलं, कारण साहेब लोक चिडले की त्याच भाषेत चिडतात. मानसशास्त्र नवऱ्यासाठी, म्हणजे झाडूसाठी, घ्यावं असं झाडूच्या बायकोनं सुचवलं. एकमत म्हणजे कोणाचाच विषय गाळायचा नाही. मनकर्णा मान खाली घालून लिहीत गेली.

“इतके चालते ना, वहिनी?” दीपालीनं एकदा विचारलं.

“बोलू नको. माह्यं लिहिणं चुकते.”

दीपालीनं दुसऱ्याच दिवशी बारा वह्या आणून त्यांना कव्हरं घातली होती.

“बेटा,” अंजुम मॅडम म्हणाल्या, “कॉम्प्युटर बावीस क्रेडिटच्या वर घेतच नाही. म्हणजे सहा विषय. बारा घेतले तर आठवड्याचे चव्वेचाळीस तास होतात. इतका वेळ तर कॉलेजही उघडं नसते! सहा काढून टाक. आज शेवटचा दिवस आहे, पाचला खिडकी बंद. अर्ज राहिला तर यंदाचं वर्ष गेलं समज.”

साडेतीन वाजले होते. दीपालीनं पेन भूगोलावर नेलं. तिथं वारलूकाका दिसला. इंग्रजीवर नेलं. तिथं जंगू. मानसशास्त्रावर तर नवरा-बायको दोघं. तिनं पेन खाली ठेवलं.

“नाई जमत, मॅडम. ग्रामसभेचा ठराव मले मोडता येत नाई.”

“मग कोणाला येतो?”

“ग्रामसभेले.”

“आणि ती कुठी आहे?”

दीपालीनं खिडकीतून बोट दाखवलं. “सायकल स्टँडजवळ.”

दोन काळी-पिवळी जीपमध्ये भरून चौतीस माणसं तिला पोचवायला आली होती. एका गाडीत नऊच बसवावीत असं गाडीच्या कागदावर असतं, पण गाडीचे कागद कोण वाचतो! अध्यक्ष बुधू आजानं डोकी मोजली. चौसष्टांतले चौतीस, म्हणजे निम्म्याहून जास्त. बैठक सुरू झाली. जो तो आपापला विषय धरून बसला. सव्वाचार वाजले तरी एकही विषय गळाला नव्हता. दीपालीच्या हातातला अर्ज घामानं ओला झाला.

तेव्हा बुधू आजानं तिला पुढं बोलावलं.

“पोरी, मोहाची फुलं वेचायले जाते तं टोपलं किती भरते?”

“आपल्या हातानं डोक्यावर घेता येईल तेवढं, आजा.”

“काऊन?”

“जंगलात उचलून द्यायले कोणी नसते.”

“मंग सांग. यातले कोणते सहा उचलते तुले?”

दीपालीनं एका दमात सहा विषय सांगितले. तिला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. विचारलंच कोणी नव्हतं. सांगता सांगता ती चक्क उड्या मारायला लागली. मानसशास्त्र त्यात नव्हतं. झाडूनं सुटकेचा श्वास टाकला.

“अन् उरलेले सहा?” झाडूच्या बायकोनं विचारलं.

“झाडाखाली मोह उरला तं आपण का करतो? दुसरं टोपलं आणतो,” बुधू आजा म्हणाला. “लिही, मनकर्णा.”

मनकर्णानं लिहिलं. एकमत झालं. दुसरं टोपलं म्हणजे नेमकं कोण, हे विचारायला एकमताच्या आनंदात सगळेच विसरले.

पाचला दहा कमी असताना दीपालीनं अर्ज खिडकीत सरकवला. सहा विषय. अंजुम मॅडमनी शिक्का इतक्या जोरात मारला की रांगेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी नवा ठराव वाचला.

“‘उरलेल्या सहा विषयांकरिता दुसरे टोपले पाठवण्यात यावे.’ हे टोपलं कधी येणार?”

दीपालीच्या मागून मनकर्णा पुढं झाली. तिनं ठरावाच्या वहीचं शेवटचं पान उघडलं. आत प्लास्टिकच्या पिशवीत तिची अकरा वर्षांपूर्वीची बारावीची गुणपत्रिका होती. दोन फोटो होते, ते मात्र नवे. प्रवेशाचा अर्ज होता, घरी बसून सावकाश, निळ्या शाईनं भरलेला. विषयांचा रकाना तेवढा कोरा होता.

अंजुम मॅडमनी पुन्हा चष्मा काढला. “म्हणजे? सहाच विषय चालतात हे तुम्हाला माहीत होतं?”

“माहितीपत्रक मीच तं वाचून दाखवलं होतं, मॅडम,” मनकर्णा म्हणाली. “तेवढी एक ओळ सोडून.”